समाचार

मराठीत ‘समाचार घेणे’ या शब्दप्रयोगाचे दोन अर्थ आहेत, आणि ते एकमेकांपासून इतके दूर आहेत की एका घरात नांदणाऱ्या दोन भांडखोर जावांप्रमाणे त्यांचे एकत्र निभते तरी कसे, याचे नवल वाटावे. कोणी आजारी पडले म्हणजे आपण त्याचा समाचार घ्यावयास जातो. आणि कोणी चुकले म्हणजे त्याचा खरपूस समाचार घेतो. पहिल्या वेळी हातात चार मोसंबी असतात, दुसऱ्या वेळी छडी असते. आमच्या देगलुरात पहिल्या प्रकारचा समाचार घेण्याची रीत अजून चांगली टिकून आहे. कोणाचे हाड मोडले, कोणास कावीळ झाली, कोणाच्या हृदयाचे काही निघाले, की नरसी-नायगाववरून नांदेडला जाणाऱ्या एस.टी.त त्याच्या आप्तांबरोबर शेजारीही चढलेले दिसतात. कोणाच्या पिशवीत डबा असतो, कोणाच्या चादर. दवाखान्याच्या खोलीत रोग्यापेक्षा समाचाराला आलेल्यांचीच गर्दी अधिक होते आणि परिचारिकेस सर्वांना बाहेर काढावे लागते. या रीतीचा रोग्यास कधी कधी त्रास होतो हे खरे. पण रोग्याच्या घरच्यांस तिचा जो आधार असतो, तो ज्याने रात्री दवाखान्याच्या बाकावर बसून काढल्या असतील त्यालाच विचारावा.

परंतु काही दुखणी अशी असतात की ती कळताच घराकडे माणसांची रीघ लागत नाही. उलट घराचे दार आतून लागते. अशा दुखण्याचा समाचार कोणी घेतलाच, तर तो दुसऱ्या अर्थाने. त्यांपैकी एकाविषयी येथे लिहावयाचे आहे. त्यातील रोगी पंधरा वर्षांचा मुलगा आहे. पण लिहिणार आहोत ते त्याच्याविषयी थोडे आणि त्याच्या आईबापांविषयी अधिक.

आमच्या एका स्नेह्यांच्या घरी हे दुखणे गेल्या वर्षी उघडकीस आले. लिहिण्यास त्यांची संमती आम्ही घेतली आहे. मुलाची आई म्हणाली, “नावं घालू नका, पण गाव घाला. गावानं वाचावं म्हणून तर लिहायचं.” मुलगा तेव्हा नववीत होता. उड्या, धावपळ, मोडतोड असे चंचलपणाचे जे रूप लोकांस ठाऊक असते, ते त्याच्यात सातव्या-आठव्या वर्षी भरपूर होते. पुढे ते ओसरले. मागे राहिले ते डोळ्यांस न दिसणारे. गणिताच्या पाच पायऱ्या बिनचूक करून सहावी लिहावयाची राहून जाई. वर्षाकाठी चार कंपासपेट्या हरवत. दळण आणावयास पाठविले, तर डबा गिरणीत ठेवून स्वारी भलतीकडेच निघून जाई, आणि पीठ रात्री वडिलांना आणावे लागे. आणि हाच मुलगा शेतावरची बिघडलेली मोटर उघडून बसला की तीन-तीन तास जागचा हलत नसे, जेवावयास हाक मारली तरी त्यास ऐकू येत नसे. त्याच्याविरुद्ध सर्वांत मोठा पुरावा होता तो हाच. “मनात आणलं तर करतो, म्हणजे मनात आणत नाही,” असा निकाल घरात, शाळेत आणि ओट्यावर एकमताने लागलेला होता. दुसरीपासून नववीपर्यंतच्या प्रगतिपुस्तकांत शिक्षक बदलले, अक्षर बदलले, शेरा मात्र एकच राहिला: हुशार आहे, पण लक्ष देत नाही.

नांदेडच्या मनोविकारतज्ज्ञांनी या शेऱ्यास जे नाव दिले ते ‘अटेन्शन डेफिसिट हायपरॲक्टिव्हिटी डिसऑर्डर’, म्हणजेच बोलण्यात रुळलेले एडीएचडी. मराठीत त्यास अवधान-न्यूनता व अतिचंचलता म्हणावे. आमच्या बाजारात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू अशा चार भाषा कानी पडतात. पण या दुखण्यास चारहींपैकी एकीतही लोकांच्या तोंडी बसलेले नाव नाही. नाव नसले म्हणजे शिव्या त्याची जागा घेतात. आळशी, बेफिकीर, उनाड, लाडावलेला हे सारे शब्द या एका नावाच्या गैरहजेरीत काम करीत होते.

हे दुखणे नवे आहे, मोबाइलच्या युगाची ती देणगी आहे, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्यासाठी थोडा इतिहास सांगितला पाहिजे. स्कॉटलंडचा वैद्य अलेक्झांडर क्रायटन याने १७९८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात चित्त एका वस्तूवर ठरू न शकण्याच्या विकारास एक प्रकरण दिले आहे. लंडनचा बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल याने १९०२ साली व्याख्याने देऊन अशा मुलांची वर्णने केली. मात्र ती त्याने नैतिक संयमाच्या उणिवेखाली घातली. १९३७ साली अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली यास असे आढळले की, बेन्झेड्रिन या उत्तेजक औषधाने अशी काही मुले चेकाळण्याऐवजी स्थिर होऊन अभ्यासास बसतात. आज सर्वांत अधिक वापरले जाणारे मेथिलफेनिडेट हे औषध १९४४ साली स्वित्झर्लंडमध्ये तयार झाले. पुढे अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संहितेत या विकाराची नावे १९६८, १९८० आणि १९८७ साली बदलत गेली, आणि आजचे नाव यांपैकी शेवटच्या वर्षाचे आहे. या इतिहासात ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, वैद्यकासही प्रथम हा दोष शीलाचाच वाटला होता. तो शीलाचा नसून मेंदूच्या घडणीचा व वाढीचा आहे, हे समजण्यास वैद्यकाचे बरेचसे शतक खर्ची पडले. मग आमच्या ओट्यावरील मंडळींस अजून ते समजले नसेल, तर त्यांच्यावर फार रागावून चालणार नाही. मात्र त्यांची समजूत पटेपर्यंत मुलाने थांबून राहावे, असेही म्हणता येणार नाही.

जगभरच्या पाहण्या एकत्र करून पाहिल्या, तर हा विकार शंभर मुलांत सुमारे पाचांस असतो. म्हणजे साठ मुलांच्या वर्गात दोन-तीन. गुरुजींनी स्वतःच्या वर्गाकडे नजर टाकली, तर ही दोन-तीन मुले कोणती हे त्यांना सांगावे लागणार नाही. ती बहुधा वर्गाबाहेर उभी असतात.

निदानाचीही एक अडचण आहे. मोडलेल्या हाडाची फिल्म खिडकीच्या उजेडात धरून पाहुण्यांस दाखविता येते. कावीळ डोळ्यांत दिसते. येथे रक्ताची तपासणी नाही, फिल्म नाही. घरची हकीकत, शाळेची हकीकत, प्रश्नावल्या आणि प्रत्यक्ष भेट एवढ्यावरच निदान उभे असते. लक्षणे बारा वर्षांच्या आतच सुरू झालेली असावी लागतात, निदान सहा महिने सतत दिसावी लागतात, आणि घर व शाळा अशा एकाहून अधिक ठिकाणी दिसावी लागतात. हे सर्व नीट केले तर निदान पक्के असते. पण हातात दाखविण्याजोगे काही पडत नाही. आईबाप परतले ते एक चिठ्ठी घेऊन. त्या चिठ्ठीवर घरातील आजोबांचाही विश्वास बसेना, मग गावाची गोष्ट कशास?

नांदेडहून येताना एस.टी.त आई पहिले वाक्य बोलली ते असे: “कोणाला सांगायचं नाही.” वडील खिडकीबाहेर पाहत होते, त्यांनी मान हलविली.

हे वाक्य भित्रेपणाचे नव्हते. त्यामागे हिशेब होता, आणि हिशेब म्हणून तो चुकीचा म्हणता येणार नाही. मुलाची थोरली बहीण चोवीस वर्षांची, बी.एड. करणारी, तिच्यासाठी स्थळे पाहणे चालू होते. भावास मनोविकारतज्ज्ञांचे औषध चालू आहे ही बातमी मुखेड, बिलोली, उदगीरपर्यंत जावयास एक लग्नाची पंगत पुरते. दुसरी गोष्ट शाळेची. मुलगा दहावीत जाणार. आणि आमचा भाग म्हणजे लातूर आणि नांदेडचा भाग. ज्या ‘लातूर पॅटर्न’ने गेल्या शतकाच्या अखेरीस गुणवत्ता याद्या गाजविल्या, त्याच्या सावलीत वाढणाऱ्या प्रत्येक मुलास आठवीपासून एकच प्रश्न विचारला जातो: किती टक्के? त्या पद्धतीने कित्येक शेतकऱ्यांची मुले डॉक्टर झाली, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु जी पद्धती तासन् तास बैठक आणि चाचण्यांवर चाचण्या यांवर उभी आहे, तिच्या मापाने हा मुलगा मोजला की तो उणाच भरणार, हे आईबापांस कळत होते. तिसरी गोष्ट कोणी बोलले नाही, पण ती सर्वांत जड होती. दुसरीपासून नववीपर्यंत त्या घरात या मुलाने जो मार खाल्ला, त्याचा हिशेब आता निराळ्या वहीत मांडावा लागत होता. ज्यास आजवर शिस्त म्हटले, ते कशास दिले होते? हा प्रश्न बाहेरच्याने विचारावा लागत नाही. तो रात्री आपण होऊन येतो.

अशा वेळी दोष नेहमी आईच्या पदरात पडतो. लाडाने बिघडविला, मोबाइल हातात दिला, लहानपणी साखर फार घातली. यांपैकी कशानेही हा विकार उत्पन्न होत नाही. घराची शिस्त, झोप, वेळापत्रक यांनी त्याचे वागणे सुकर किंवा दुष्कर होते एवढे खरे. पण मूळ घडण बहुतांशी आनुवंशिक आहे. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून असे निघाले आहे की, या बाबतीत माणसामाणसांत जो फरक दिसतो त्याचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग आनुवंशिकतेचा असतो. हे ऐकून आईचे ओझे हलके व्हावे, तर ते उचलून वडिलांच्या खांद्यावर गेले. डॉक्टरांनी प्रश्नावलीतील एकेक प्रश्न वाचला, तेव्हा वडील मुलाऐवजी स्वतःचेच बालपण ऐकत होते. तीन धंदे सुरू करून अर्धवट सोडलेले, विम्याचे हप्ते विसरलेले, भर सभेत मध्येच बोलून वैर घेतलेले ते गृहस्थ पुढे कित्येक दिवस मुलाच्या नजरेस नजर देईनात. लोकांस वाटले, मुलावर रुसले आहेत.

असे हे घर दार लावून बसले. आणि येथेच आमचे मुख्य म्हणणे आहे. या दुखण्यात न सांगण्याची जी किंमत मोजावी लागते, ती दुखण्याच्या किंमतीहून फार कमी नसते. मेथिलफेनिडेट हे औषध कायद्याने ‘शेड्यूल एक्स’मध्ये घातलेले आहे. त्याची चिठ्ठी दोन प्रतींत लागते, त्यांतील एक दुकानदाराला दोन वर्षे जपून ठेवावी लागते, आणि त्यासाठी निराळा परवाना असलेल्या दुकानांतच ते मिळते. लहान गावी अशी दुकाने सहसा नसतात. म्हणजे औषधासाठी पुन्हा पुन्हा नांदेड. आणि प्रत्येक खेपेस शेजाऱ्यांस सांगावयास एक नवे निमित्त. कधी मावशी आजारी, कधी बँकेचे काम. मावशीस बिचारीस त्या वर्षी किती दुखणी झाली याची गणती नाही! मुलाने गोळी घ्यावयाची ती स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, आजोबांची पाठ वळल्यावर. मित्रास सांगावयाचे नाही. शिक्षकास सांगावयाचे नाही. म्हणून पुढच्या बाकाची मागणी करावयाची नाही, आणि गृहपाठ फळ्यावर लिहून द्या असे म्हणावयाचे नाही. ज्या गोष्टींनी मुलास खरोखर साहाय्य होते त्यांतील निम्म्याअधिक गोष्टी दुसऱ्याच्या हातच्या असतात, आणि दुसऱ्यास तर कळू द्यावयाचे नाही. मुलाच्या मनात यातून एकच गोष्ट बिंबते. माझ्यात जे आहे ते इतके लाजिरवाणे आहे की आईदेखील त्याचे नाव हळू आवाजात घेते. पंधराव्या वर्षी ही समजूत एकदा पक्की झाली की ती काढावयास कोणतीही गोळी नाही.

नवराबायकोचेही तेच. बाहेर बोलावयास कोणी नाही, म्हणून ती दोघे एकमेकांशीच बोलत, आणि एकाच विषयावर बोलत. दोन महिन्यांत त्या घरातील प्रत्येक संभाषण भांडणाच्या काठाशी येऊन थांबू लागले. आई भिशीस जाईनाशी झाली, कारण तेथे मुलांचे टक्के निघतात. वडिलांनी संध्याकाळचे बसणे सोडले. मुलगी म्हणाली, “माझ्या लग्नासाठी सगळे गप्प आहेत, आणि ते मला कोणी विचारलंच नाही.”

आता गावाच्या बाजूने पाहू. बातमी पूर्ण कोंडली जात नाही. फटीतून थोडीथोडी बाहेर येतेच. ती आल्याबरोबर जे येते ते म्हणजे सल्ला. ब्राह्मी द्या. रात्री भिजवलेले बदाम द्या. लातूरच्या वसतिगृहात टाका, सरळ होईल. योगासने करवा. मोबाइल फोडून टाका. अमुक ठिकाणी नारळ ठेवा. औषध मात्र देऊ नका हो, मेंदू झिजतो! सल्ला देणारे दुष्ट नसतात. पण त्या प्रत्येक सल्ल्याच्या पोटात एक आरोप लपलेला असतो: हे तुम्ही अजून केले नाही. आईबाप सल्ला ऐकत नाहीत. ते आरोप ऐकतात, आणि दाराची कडी आणखी घट्ट करतात.

आणि गंमत अशी की, चंचल मनाविषयी आमचे गाव अगदीच अडाणी नाही. येथे गुंडा महाराजांची परंपरा आहे, आणि तिच्यातील चक्रीभजन वारकरी मंडळींत सर्वत्र ठाऊक आहे. तेथे कोणी डोळे मिटून स्तब्ध बसत नाही. टाळाच्या ठेक्यावर पावले पडतात, अंग फिरते, आणि त्या फिरण्यातच चित्त अभंगावर ठरते. हा काही या विकाराचा उपचार नव्हे, तसे आम्ही म्हणतही नाही. पण शरीर निश्चल झाल्याशिवाय मन स्थिर होत नाही हा शाळेचा सिद्धान्त आमच्या गावाच्या भजनाने मानलेला नाही, हे खरे. ज्या गावाने भक्ताचे फिरणे समजून घेतले, त्यास विद्यार्थ्याचे चुळबुळणे समजून घेणे अशक्य असू नये.

त्या घराचे दार उघडले ते सल्ल्याने नव्हे. गल्लीत एक निवृत्त शिक्षिका राहतात. सारे त्यांस बाई म्हणतात. एका संध्याकाळी त्या या घरी येऊन बसल्या आणि चहा घेताना सहज बोलल्याप्रमाणे म्हणाल्या, “मालक गेल्यापासून मी झोपेची नाही, मनाची गोळी घेते. चार वर्षं झाली. नांदेडलाच दाखवते.” एवढे बोलून त्या भाजीच्या भावाकडे वळल्या. त्यांनी काही विचारले नाही. मुलाची आई थोडा वेळ गप्प राहिली आणि मग तिने जे सांगावयास सुरुवात केली ते रात्री नऊपर्यंत चालले. बाईंनी मध्ये एकच प्रश्न केला: “गोळीनं त्याची भूक जाते का गं?” जात होती. या औषधाने दुपारची भूक मरते आणि त्याचा अंमल उतरला की संध्याकाळी ती परत येते, हे डॉक्टरांनी सांगितलेच होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहा वाजता बाईंनी गरम धपाटे आणि दही पाठविले. तिसऱ्या दिवशीही पाठविले. आठ महिन्यांत त्या घरात या दुखण्याचा पहिल्या अर्थाने समाचार घेतला गेला तो हा.

बाईंनी जे केले त्यात मर्म काय होते, याचा आम्ही पुष्कळ विचार केला. धीर देणारी वाक्ये त्यांनी बोलली नाहीत. ‘सर्व ठीक होईल’ असे म्हटले नाही. तसे म्हणणाऱ्यास पुढे काही ऐकावयाचे नसते. त्यांनी केले ते एवढेच की, सांगण्याची किंमत उतरविली. आधी स्वतःचे नाणे बाजारात टाकले. ‘कोणाला सांगायचं नाही’ हा आईबापांचा निश्चय आपण उपदेशाने मोडू शकत नाही, कारण सांगितल्याची किंमत त्यांना मोजावी लागते, उपदेशकास नाही. ती किंमत कमी करणे मात्र आपल्या हातात असते. आणि ते डॉक्टरांच्या हातात नसते.

हे तत्त्व आपल्याकडे अगदी अनोळखी नाही. पुण्यास १९८६ साली डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले, तेव्हा व्यसनी माणसाबरोबर त्याच्या पत्नीसही बसावयास जागा हवी हे तेथे ओळखले गेले, आणि पत्नींचा ‘सहचरी’ हा गट उभा राहिला. दुखणे एकाचे असले तरी घर सर्वांचे मोडते, हे त्यामागील साधे सत्य. या विकारातही बाहेरच्या देशांत तोच अनुभव आहे. इंग्लंडच्या ‘नाईस’ या संस्थेच्या २०१८ च्या मार्गदर्शिकेत औषधाबरोबरच आईबापांस समजावून देणे व त्यांना आधार देणे यास उपचाराचे स्थान दिले आहे. आपल्याकडे २०१३ च्या फेब्रुवारीत पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. शाळांतून मुले तपासावयाची त्या यादीत हा विकार आहे. २०२२ पासून टेलिमानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलता येते, आणि तेथे रोग्यानेच बोलावे असे नाही, आईबापांनीही बोलावे. मात्र २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात जे २१ प्रकार मोजले आहेत त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडी स्वतंत्र नावाने नाही. म्हणून मुलास वाचन-लेखनाचीही अडचण असल्यास तिची तपासणी निराळी करून घ्यावी, हे आईबापांस कोणीतरी वेळेवर सांगितले पाहिजे. असा सल्ला आरोप ठरत नाही, कारण त्यात माहिती असते.

कोणी म्हणेल, हे सारे ठीक. पण नाव दिले म्हणजे मुलास सबब मिळत नाही काय? उद्या प्रत्येक आळशी मुलगा चिठ्ठी दाखवील. शंका रास्त आहे, आणि घाईने निदान करणारेही जगात असतात. पण आमच्या भागात पाऊस लहरी आहे हे जाणणारा शेतकरी काय करतो ते पाहावे. तो पावसाच्या नावाने शेत पडीक टाकीत नाही, आणि पाऊस नियमित आहे अशा समजुतीने पेरणीही करीत नाही. तो पीक बदलतो, वेळ बदलतो, बांध घालतो. त्याचे कष्ट कमी होत नाहीत. फुकट जाणारे कष्ट कमी होतात. या मुलासही गृहपाठ चुकलेला नाही. तो आता वीस-वीस मिनिटांच्या तुकड्यांनी होतो, मधे अंगणात दोन फेऱ्या होतात, आणि करावयाच्या गोष्टींची यादी भिंतीवर असते. ती यादी वडिलांनी स्वतःसाठीही केली आहे.

शाळेस अखेर सांगितले. वर्गशिक्षकांनी पहिल्या बाकावर जागा दिली, आणि पेपर सोडविताना शेवटचा प्रश्न झाल्यावर ‘पुन्हा पाहा’ एवढे दोन शब्द बोलावयाचे कबूल केले. गुण वाढले, पण डोळे दिपावेत असे नव्हेत. मुलगा पूर्वीइतकाच वस्तू हरवितो. एका स्थळास मुलीने स्वतःच भावाची गोष्ट सांगितली. त्यानंतर तिकडून निरोप आला नाही. कारण हेच असेल असे नाही, परंतु घरात तेच धरले गेले, आणि आई त्या रात्री जेवली नाही. उघडपणाची किंमत बाईंनी उतरविली होती. ती शून्य झाली होती असे आम्ही म्हणणार नाही. मुलगी मात्र म्हणाली, “लग्नानंतर कळलं असतं तर?”

दुसऱ्या दिवशी त्या घरी समाचाराला तीन बाया आल्या. एकीने स्वतःच्या नातवाचे नाव काढले, आणि नांदेडच्या डॉक्टरांची वेळ विचारली. पुढच्या महिन्यात दोन्ही कुटुंबे एकाच एस.टी.ने जाणार आहेत. मावशीस आता आजारी पडण्याचे कारण उरलेले नाही.

वाचकांस आमचे सांगणे एवढेच. तुमच्या गल्लीतही असे एखादे घर असेलच. शंभरांत पाच हे प्रमाण कोणत्याही गल्लीस सोडीत नाही. तेथे जाल तेव्हा टक्के विचारू नका, उपाय सांगू नका. मुलास तासभर आपल्या घरी बोलवा, बिघडलेला पंखा त्याच्यापुढे ठेवा, म्हणजे त्या दोघांस तेवढा वेळ एकमेकांशी दुसऱ्या विषयावर बोलता येईल. आणि दाराशी उभे राहून विचारावयाचेच असेल, तर जे मोडलेल्या हाडाच्या रोग्यास विचारता तेच विचारा: रात्री झोप लागते ना, आणि जेवण जाते ना?